जिन्याकडे पाठ

१ तारीख, सोमवार

पोचले बाई एकदाची. सोबत बॅग, पांघरूण, बक्षिसाच्या चिकट चांदण्यांची पाकिटं, खेळण्यांचा डबा आणि ही वही. वही एवढ्यासाठी की सेंटरच्या मॅडमनी निघताना बजावलंय, रिपोर्टमध्ये राग लिहायचा नाही. मागच्या घरी मी 'मुलाआधी वडिलांना वळण लावायची गरज आहे' असं लिहून पाठवलं होतं, त्याचं हे फळ. तर राग इथे आणि शहाणपण तिथे, अशी वाटणी केली आहे.

घर मला आवडलं. भरपूर उजेड, स्वच्छ, मोठ्या काचांच्या खिडक्या. दार उघडलं की लगेच डाव्या हाताला वर जाणारा जिना, समोर बैठक, तिथेच जेवायचं टेबल, आणि मागे स्वयंपाकघर. खिडक्यांना गज आहेत. दाराला आतूनबाहेरून चावीचं कुलूप आहे, कारण संधी मिळाली की पोर थेट रस्त्यावर धूम ठोकते. एक चावी मलाही दिली. वरची मोठी खोली माझी. आईचे गुडघे कामातून गेलेत, त्यामुळे ती जिना चढत नाही. बाबांचाही सगळा पसारा खालीच. वरच्या बोळात कोपऱ्यात एक लांब राखी कोट लटकतोय, बाबांचा असावा. खालची कड फरशीला टेकलीय. माणसांनी कपडे नीट टांगले तर काय बिघडतं कोण जाणे.

पोरीला घरात सगळे चिंगी म्हणतात. नऊ वर्षांची, लुकडी, डोळे टपोरे. बोलत नाही, फक्त एक शब्द स्वच्छ येतो: थांब. चावणारी, किंचाळणारी, पळणारी मुलं असतात त्या घरांत जाऊन राहायचं, मूल असं का वागतं ते हुडकायचं आणि तेच त्याला शहाण्यासारखं मागायला शिकवायचं, हे माझं काम. माझी बहीण मला हट्टाची डॉक्टर म्हणते.

संध्याकाळी आईने स्वयंपाकघरात डोळे पुसत सांगितलं की महिनाअखेर फरक पडला नाही तर बाबा चिंगीला लांबच्या निवासी शाळेत ठेवणार आहेत, अर्जही भरून झालाय. मी तिचा हात धरून म्हटलं, पोर इथेच राहील, तुमच्या कुशीत. उगाच शब्द देणाऱ्यातली मी नाही. पण दिला.

३ तारीख, बुधवार

दोन दिवस नुसती बघत बसले. चिंगी टेबलाच्या एकाच खुर्चीवर बसते, जिथून सगळा जिना दिसतो. नजर जिन्यावर आणि चमचा गालावर, असं जेवण चालतं. बैठकीतून कुठे जायचं तर उलटी चालत जाते. मधेच तळहात पुढे करून 'थांब' म्हणते. तिची खुर्ची वळवली की घर डोक्यावर घेते. आज मी वळवली, तर माझ्या मनगटावर दोन्ही दंतपंक्तींची रांगोळी उमटली.

गंमत म्हणजे शाळेत यातलं काहीही नाही. तिच्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, गरीब गाय आहे हो, पहिल्या बाकावर वर्गाकडे पाठ करून बसते, कधी मान वळवत नाही. हे ऐकून मी मनात टाळीच दिली. शाळेत बाईंना वेळ नाही, म्हणून तमाशा नाही. घरी मात्र हिने 'थांब' म्हटलं की आईबाप जागच्या जागी पुतळे होतात, आई हातातलं टाकून धावत येते. पोरीला लक्ष हवंय आणि ते तिला फुकट मिळतंय. इतकं सरळ आहे हे. यापूर्वी तिघी तज्ज्ञ येऊन गेल्या म्हणे. त्या काय माशा मारत होत्या?

५ तारीख, शुक्रवार

घरच्यांना समोर बसवून नियम सांगितले. चिंगी 'थांब' म्हणाली तर कुणी थांबायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही, ती बघते तिकडे तर मुळीच बघायचं नाही. तिने आपल्या डोळ्यांत बघितलं की लगेच कौतुक आणि एक चांदणी. चांदण्यांची रांग भरली की साबणाचे फुगे. फुगे म्हणजे तिचा जीव की प्राण.

डोळ्यांत बघायला शिकवायची माझी एक पद्धत आहे. तिचा चेहरा माझ्या दोन्ही तळहातांत धरायचा, हळूच माझ्याकडे वळवायचा, 'माझ्याकडे बघ' म्हणायचं, बघितलं की चांदणी. मॅडमना ही पद्धत मंजूर नाही, मुलांवर जबरदस्ती होते म्हणतात. मॅडमना खुर्चीत बसून बोलायला काय जातंय?

आई सगळ्याला 'हो ताई' म्हणते आणि मी आत गेले की स्वतःच्या मनाचं करते. बाबांनी विचारलं की बायकोनेही माझ्याकडे लक्ष द्यावं यासाठी काही योजना आहे का. स्वतःच हसले. मी त्यांना शेवटचं सांगितलं की दुर्लक्ष सुरू केलं की वागणं आधी वाढतं आणि मग विझतं, वाढेल तेव्हा डगमगायचं नाही. त्यांनी मान हलवली. नंदीबैलाने हलवावी तशी.

९ तारीख, मंगळवार

डोकं फुटायची वेळ आली आहे. चिंगी सकाळपासून ओरडतेय, घसा बसला तरी ओरडतेय. खुर्ची वळवली की खाली उतरून पुन्हा जिन्याकडे तोंड करते. आम्ही सगळे खिडकीकडे बघत निर्विकार बसायचं असं ठरलं होतं. मी बसले. बाबाही बसले, मोबाइलमध्ये डोकं घालून का होईना. आणि आई? आई पदराआडून जिन्याकडे बघत होती. पकडल्यावर म्हणाली, पोर एवढ्या कळकळीने दाखवतेय तर एकदा बघायला काय जातंय. अहो, तुमची ही एक नजर माझी चार दिवसांची मेहनत पाण्यात घालते. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं.

त्यात आज चिंगीचा मामा आला. गोल पोटाचा, बडबड्या, सगळ्यांना टोपणनावं ठेवणारा. मला शिस्तबाई म्हणतो. त्याने विचारलं की दुर्लक्षाचं औषध जेवणाआधी द्यायचं की नंतर. आई हसली. मी नाही हसले. या घरात मी एकटीच त्या पोरीसाठी जिवाचं रान करतेय आणि बाकीच्यांना थट्टा सुचते.

१२ तारीख, शुक्रवार

जमलं! आज चिंगी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, जिन्याकडे पाठ करून, आईकडे तोंड करून बसली आणि पूर्ण जेवली. सुरुवातीला मान आखडून धरली होती, अंग थरथरत होतं. मग तिने माझ्या डोळ्यांत बघितलं, मी चांदणी दिली, तिने पुन्हा बघितलं. शेवटी तर तिनेच आपले चिमुकले तळहात माझ्या गालांवर ठेवून माझं तोंड स्वतःकडे वळवलं. मला चांदणी मागितली, माझ्याच पद्धतीने. मला रडू आलं. आईला तर हुंदका आवरेना, मुलगी किती वर्षांनी समोर तोंड करून जेवली म्हणे. बाबा उठले आणि तो निवासी शाळेचा अर्ज फाडून टाकला.

मॅडमना फोन केला. सातत्य ठेवा, म्हणाल्या. शाबासकी द्यायला त्यांची जीभ झिजते.

झोपायला वर आले तर तो कोट कुणीतरी कोपऱ्यातून काढून जिन्याच्या तोंडाशी टांगलाय. अडखळले असते आता. उद्या सांगायला हवं.

१५ तारीख, सोमवार

मामावर मी आज इतकी भडकले की आवाज रस्त्यावर गेला असेल.

दुपारी चिंगी जिन्याकडे पाठ करून रंगवत होती, शहाण्या बाळासारखी. मामाला वरून घडीची खाट आणायची होती. शीळ घालत वर गेला. थोड्या वेळाने शीळ बंद झाली. वर कुणाशी तरी बोलल्यासारखा आवाज आला, मला वाटलं फोनवर असेल. मग तो खाली आला. उलटा. एकेक पायरी पायाने चाचपत, एक हात कठड्यावर, दुसरा तळहात समोर धरून. हुबेहूब चिंगीची नक्कल.

माझं टाळकंच फिरलं. आता कुठे पोर रुळावर येतेय आणि हा तिच्यासमोर तिची थट्टा करतो? मी त्याला नाही नाही ते बोलले. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तसाच उलटा चालत दारापर्यंत गेला, पाठीमागे हात नेऊन दार उघडलं (खाट न्यायची म्हणून कुलूप काढूनच ठेवलं होतं), बाहेर पडला, फाटकापर्यंत उलटाच गेला. गाडीची चावी टेबलावरच राहिली.

रात्री आईला त्याचा फोन आला. एकच गोष्ट विचारत होता म्हणे, आत्ता कुणी बघतंय ना. कुणाकडे, ते सांगेना. आई म्हणाली, पिऊन आला असेल. मीही तेच म्हटलं.

१७ तारीख, बुधवार

नीट लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी खाली येताना तो कोट जिन्याच्या वळणावर होता. त्याच्यापासून अंग चोरून उतरावं लागलं. चहाच्या वेळी मी वैतागून आईला म्हटलं की बाबांचा कोट एकदाचा कपाटात ठेवायला सांगा, रोज नव्या जागी असतो. आई माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटत होतं तो कोट माझा आहे. खालून दिसला होता तिला, पण परक्या बाईच्या कपड्यांना कशाला हात लावा म्हणून गप्प बसली. बाबांना विचारलं. ते म्हणाले मामाचा असेल, आजकाल इथेतिथे टाकून जातो.

तिघांना वाटत होतं तो दुसऱ्याचा आहे.

मी उठून जिन्याच्या पायथ्याशी गेले. वळणावर भिंत आहे, रंगवलेली, गुळगुळीत. तिला खुंटी नाही, खिळाही नाही. कोट कशालाच टांगलेला नव्हता. भिंतीकडे तोंड करून होता. आणि कोटाला पाय नसतात.

वर गेले नाही. माझा फोन, कपडे, दाराची चावी, सगळं वरच्या खोलीत आहे. आईला सांगितलं गुडघा मुरगळला, बैठकीत सोफ्यावर झोपते.

१८ तारीख, गुरुवार

आता कळतंय. किती मूर्ख मी, किती आगाऊ मूर्ख.

चिंगीला लक्ष नको होतं. ती लक्ष देत होती. नऊ वर्षांच्या पोरीने एकटीने, जेवता जेवता, चालता चालता, नजरेने त्याला वर धरून ठेवलं होतं. त्याला थांब म्हणत होती, आम्हाला नाही. शाळेत ते नसतं म्हणून तिथे वर्गाकडे पाठ करून निवांत बसते बिचारी. आणि मी साबणाचे फुगे देऊन तिला त्याच्याकडे पाठ करायला शिकवलं.

बघत राहिलं की ते हलत नाही. नजर काढली की खाली येतं. हलताना दिसत नाही, फक्त आधीपेक्षा जवळ असतं.

सकाळी एक वेडेपणा केला. मला दुसरं येतंय काय, तेच केलं. म्हटलं दुर्लक्ष करून बघू, आधी वाढेल मग विझेल. डोळे मिटून पाठ करून उभी राहिले. मागे वळले तेव्हा ते वळणाच्या अलीकडे होतं. हे विझत नाही. नुसतं वाढतं.

१९ तारीख, शुक्रवार

रात्रभर सोफ्यावर बसून जिन्याकडे बघत होते. डुलकी लागली असणार. पहाटे ते जिन्याच्या मध्यावर होतं.

मी आईला म्हटलं, चिंगीची खुर्ची पुन्हा जिन्याकडे करा. ती तडकली. म्हणाली, इतक्या वर्षांनी माझ्या लेकीने माझं तोंड बघितलं आणि आता तुम्हीच उलटं सांगता? मी म्हटलं, मग तिला त्या निवासी शाळेत पाठवा, आजच पाठवा. बाबा हसत सुटले. मग हसू थांबलं आणि म्हणाले, ताई, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. मी हात धरून त्यांना जिन्याकडे वळवायला गेले तर त्यांनी सौम्यपणे हात सोडवला. नियमाची आठवण करून दिली मला. ती बघते तिकडे मुळीच बघायचं नाही.

दोन आठवडे बोंबलत होते, नियम पाळा, नियम पाळा. आता पाळतायत. काटेकोर.

आईच्या फोनवरून मॅडमशी बोलले. सातत्य ठेवा, म्हणाल्या. घरी निघून ये, असंही म्हणाल्या. निघता येईल. आईकडून दार उघडून घेऊन चालू पडता येईल. पण मी गेले तर इथे बघणारं कुणीच नाही. चिंगी बघायची, तिचं बघणं मी काढून घेतलं.

२० तारीख, शनिवार, सकाळ

आईबाबा आज दिवसभर बाहेर. मामाला बघायला आणि मग दोघंच कुठेतरी. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोघं एकत्र बाहेर पडले नव्हते, चिंगीमुळे. आता ती सुधारली ना. म्हटलं तिला घेऊन जा. नाही म्हणाले. म्हटलं मग जाऊ नका. आईने माझ्या गालावरून हात फिरवला, म्हणाली तुमच्यामुळेच तर जमतंय.

ठरवलं होतं, ते गेले की पोरीला उचलायचं आणि बाहेर पडायचं. ते गेले. मग कुलूप वाजलं.

बाहेरून. सवयीने. चिंगी पळते म्हणून. आणि माझी चावी वर, त्याच्या पलीकडे.

दुपार

दाराशी ओरडून झालं. खिडकीतून ओरडून झालं. रस्त्यावरून एक माणूस गेला, त्याने घराकडे बघितलं आणि चालू लागला. या घरातल्या ओरडण्याची इथल्या लोकांना सवय आहे.

ते शेवटच्या पायऱ्यांवर आहे. अजून भिंतीकडे तोंड आहे, बहुतेक. मी खुर्ची टाकून समोर बसले आहे. वही मांडीवर. वहीकडे न बघता लिहितेय, ओळी एकमेकींवर चढत असतील. आई, तुम्ही हे वाचाल तर — दार उघडलं की आत येऊ नका, आधी जिन्याकडे बघा. दोघांनी आळीपाळीने बघा. डोळे मिटायचे तर एकाने —

चिंगी टेबलाशी रंगवतेय. पाठ करून. गुणगुणतेय. कधी गुणगुणली नव्हती.

डोळे चुरचुरतायत. पाणी येतंय. एक डोळा मिटते, मग दुसरा. जमतंय. असं जमेल संध्याकाळपर्यंत —

नाही. पायऱ्या संपल्या. ते फरशीवर आहे. पापणी लवली असेल फक्त —

तोंड आता भिंतीकडे नाही.

मी चिंगीला हाक मारली. म्हटलं, बाळा, थांब म्हण. हात कर. पूर्वी करायचीस तसं, एकदाच. मी चुकले, तू बरोबर होतीस. मागे बघ, चिंगी. थांब म्हण —

तिने पेन्सिल ठेवली. खुर्ची मागे सरकली, आवाज आला. येतेय. लक्ष द्यायला शिकवलंय मी तिला, हाक मारली की येते. पण जिन्याकडे नाही बघत. माझ्याकडे बघतेय. हसतेय.

समोर उभी राहिली. बाजूला हो, सोन्या. मला दिसत नाहीये ते. तुझ्या मागे —

तिला चांदणी हवी आहे.

तिचे हात माझ्या गालांवर. गरम आहेत. आत्ता नको, चिंगी. वळवू नको, माझं तोंड वळवू न